किल्लारीची नोंद नाही, मग सोलापूरची इमारत कोणत्या धक्क्यावर तपासायची?

(अक्कलकोट रोड एमआयडीसीत कारखानदार, पर्यवेक्षक आणि स्थापत्यशास्त्राचे विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली रूपं शक्य तिथं तशीच ठेवली आहेत. शेवटी काही प्रश्नोत्तरं आहेत.)

शेजारच्या शेडमध्ये माग चालू आहेत, त्यांचा आवाज अधूनमधून येत राहील. येऊ द्या. पुढे मला त्या मागांचीच साक्ष काढायची आहे.

इमारत भूकंपात टिकेल का, हे तपासायचं तर तिला भूकंप द्यावा लागतो. खरा देता येत नाही, म्हणून कॉम्प्युटरवर देतात. इमारतीचं गणिती मॉडेल करायचं आणि तिच्या पायाखालची जमीन, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत हिशेब ठेवत, एखाद्या खऱ्या भूकंपात हलली तशी हलवायची. त्यासाठी यंत्रानं टिपलेली जमिनीच्या हालचालीची नोंद लागते. इंजिनिअर तिला टाइम हिस्टरी म्हणतात. माझा आजचा विषय एवढाच, की ही नोंद कुठली घ्यायची. तीच इमारत, तेच कॉलम, तीच सळई. नोंद बदलली की उत्तर बदलतं. एका नोंदीवर भिंतीला तडा जाऊन भागतं, दुसरीवर तळमजला खाली बसतो.

आता सोलापूरकर म्हणेल, यात विचार कसला करायचा? किल्लारी इथून सरळ रेषेत सत्तर-ऐंशी किलोमीटर. किल्लारीची नोंद घ्या आणि तपासा की.

अडचण तिथंच आहे. किल्लारीची तशी नोंद नाही.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गावं झोपली होती आणि पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी धक्का बसला. मॅग्निट्यूड ६.२. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडावर मातीचं जड माळवद; झोपलेल्या माणसाला उठून बसायलाही वेळ मिळाला नाही. हे सगळं आपल्याला माहीत आहे. पण त्या पहाटे किल्लारीखालची जमीन किती जोरानं, कोणत्या दिशेला, किती सेकंद हलली, हे टिपणारं त्वरणमापक यंत्र तिथं नव्हतंच. कसं असणार? तेव्हाच्या भूकंपनकाशावर किल्लारी क्षेत्र एकमध्ये होती, म्हणजे देशातल्या सगळ्यात निर्धोक मानलेल्या भागात. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये तिथं लहान धक्के बसले होते, लोक घाबरले होते. तरी असं यंत्र तिथं आलं नाही.

दूरच्या वेधशाळांनी तो भूकंप अर्थातच टिपला. त्यावरून केंद्र, खोली, भूकंपाचा आकार हे सगळं कळलं. पण ती यंत्रं दुरून येणारी बारीक थरथर ऐकायला केलेली असतात. पायाखालचा जोरदार हादरा मोजायचं यंत्र निराळं. नंतर भारतातली आणि परदेशातली पथकं तात्पुरती यंत्रं घेऊन आली, उत्तरधक्क्यांच्या नोंदी मिळाल्या. मुख्य धक्का मात्र गेला तो गेला.

म्हणजे सोलापूरच्या इमारतीसाठी नोंद उसनी आणावी लागते. आणि उसनं आणायचं तर कुणाकडून, हा प्रश्न आला.

आपल्या कॉलेजांमध्ये याचं एक ठरलेलं उत्तर आहे, एल सेंट्रो. विद्यार्थी हसतायत, म्हणजे ओळख पटली. १८ मे १९४० ला कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल व्हॅलीत ६.९ चा भूकंप झाला. एल सेंट्रो गावातल्या एका वीज उपकेंद्रात बसवलेल्या यंत्रानं तो टिपला. फॉल्टच्या इतक्या जवळ मिळालेली ही पहिली जोरदार नोंद. म्हणून ती पुस्तकात आली, पुस्तकातून सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये आली आणि तिथून आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टात. नोंद उत्तमच आहे. पण ती खोल गाळाच्या जमिनीवरची, दोन प्लेटांच्या सीमेवरच्या आडव्या सरकणाऱ्या फॉल्टची. आपण बसलोय बेसाल्टवर, प्लेटच्या पोटात. पंढरपूरच्या शेतकऱ्यानं कोकणातल्या पावसाचे आकडे बघून पेरणी करावी, तसला हा प्रकार.

दुसरं उत्तर कोयनेचं. ते जास्त विचार करण्यासारखं आहे. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. धरणाच्या आतल्या गॅलरीत त्वरणमापक होतं आणि ते चालू होतं. धरणाच्या लांबीच्या दिशेनं कमाल त्वरण ०.६३ जी, आडव्या दिशेनं ०.४९ जी, उभं ०.३४ जी. एक जी म्हणजे वस्तू खाली पडताना तिला मिळतं ते त्वरण. ०.४९ जी म्हणजे क्षणभर तुमच्या वजनाच्या निम्म्या जोरानं कुणी तुम्हाला आडवं ढकललं असं समजा. धरणाच्या ज्या भागावरून पाणी सांडत नाही, त्या भागाला, मागचा उतार जिथं बदलतो त्या पातळीवर तडे गेले. ही नोंद जगभर वापरली जाते. धरणाच्या तड्यांचं गणित तपासणारा कुठल्याही देशातला संशोधक कधी ना कधी कोयनेपाशी येतोच.

मग सोलापूरला कोयनाच का नको? सांगतो, पण आधी मागांकडे जाऊ.

धोटा मिनिटाला १२० वेळा फेकला जात असेल तर सेकंदाला दोन ठोके, म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला एक. वरच्या मजल्यावर माग बसवलेल्या मंडळींनी हे पाहिलं असेल: एका ठरावीक वेगाला मजला जास्त थरथरतो, टेबलावरच्या चहाच्या कपात वलयं उठतात, वेग थोडा बदलला की शांत. माग तोच, मजला तोच. प्रत्येक बांधकामाला स्वतःचा एक झोका असतो आणि ठोका त्या झोक्याशी जुळला की तो वाढत जातो. पाळण्याला योग्य वेळी धक्का दिला की तो चढतो, तसंच. या झोक्याच्या वेळेला पिरियड म्हणतात.

एक मनातली इमारत घेऊ. आरसीसी, तीन मजली, दहा मीटर उंच, वीस मीटर खोल. खाली गोडाऊन आणि पॅकिंग, वर माग. आपल्या आयएस १८९३ या संहितेत पिरियडचं सोपं सूत्र आहे. नुसती फ्रेम धरली तर पिरियड येतो साधारण ०.४२ सेकंद. फ्रेममध्ये विटांच्या भिंती भरल्यात असं धरलं तर दुसरं सूत्र लागतं आणि उत्तर येतं ०.२० सेकंद. इमारत तीच, झोका निम्म्यावर आला. भूकंप सुरू झाल्यावर भिंती फुटायला लागतात, कॉलमना बारीक तडे जातात, इमारत सैल होते आणि झोका पुन्हा लांबतो. म्हणजे एकाच हादऱ्यात ही इमारत ०.२ पासून ०.४ आणि कदाचित ०.८ पर्यंत प्रवास करते. हे लक्षात ठेवा, नोंद निवडताना हेच कामाला येणार आहे.

आता नोंदीचा स्वभाव कसा ओळखायचा? एका फळीवर वेगवेगळ्या लांबीच्या पोलादी पट्ट्या उभ्या ठोका, प्रत्येकीच्या टोकाला वजन लावा आणि फळी त्या नोंदीप्रमाणे हलवा. आखूड पट्टी भराभर हलेल, लांब पट्टी सावकाश. प्रत्येक पट्टीला जास्तीत जास्त किती जोर बसला तो लिहा आणि आलेख काढा. हा रिस्पॉन्स स्पेक्ट्रम. एका नोंदीत आखूड पट्ट्या थयथयाट करतात आणि लांब पट्ट्या जवळजवळ स्वस्थ असतात, दुसरीत उलट. कठीण खडकावर, केंद्राजवळ टिपलेली मध्यम भूकंपाची नोंद साधारण पहिल्या जातीची. मोठ्या आणि दूरच्या भूकंपाची, मऊ जमिनीवरची नोंद दुसऱ्या जातीकडे झुकते.

२६ जानेवारी २००१ चं अहमदाबाद आठवा. भूजचा भूकंप ७.७ चा. अहमदाबाद केंद्रापासून सव्वादोनशे किलोमीटरच्या पलीकडे. तिथं पासपोर्ट ऑफिसच्या इमारतीतल्या यंत्रानं तळाशी कमाल त्वरण टिपलं ते ०.१ जीच्या किंचित वर. कोयनेच्या आकड्यांपुढे ते किती लहान! तरी त्या शहरात खाली पार्किंग ठेवलेल्या किती तरी बहुमजली इमारती बसल्या. निव्वळ कमाल त्वरणाचा आकडा बघून नोंद भारी की हलकी ठरवणाऱ्यांनी हे विसरू नये. तळमजल्याचा कमकुवतपणा होताच, बांधकामाचे दोष होतेच, पण हादरा लांबलचक होता, शहराखाली साबरमतीचा गाळ होता आणि उंच इमारतींचा झोका लांब होता.

मग सोलापूरसाठी काय करायचं? माझी पद्धत अशी, की आधी भूकंप ठरवायचा आणि मग नोंद शोधायची. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं. जी फाइल मिळाली ती घेतली आणि ताणून बसवली.

इथं तीन तऱ्हेचे धक्के विचारात घ्यावे लागतात. पहिला, किल्लारी भागात पुन्हा तसाच, सत्तर-ऐंशी किलोमीटरवरून येणारा. दुसरा, कोयना परिसरातला. ते इथून सव्वादोनशे किलोमीटर. तिसरा थोडा अवघड जागचा आहे. किल्लारीसारखाच, सहाच्या आसपासचा, पण इथून दहा-वीस किलोमीटरवर, आज कुणाच्या नकाशावर नसलेल्या फॉल्टवर. सोलापूरखाली असा फॉल्ट सापडलाय असं मी म्हणत नाही. पण किल्लारीखाली तरी १९९३ च्या आधी कुणाच्या नकाशावर होता? प्लेटच्या पोटातले भूकंप असेच येतात. शेकडो, हजारो वर्षं शांत राहिलेली भेग एका पहाटे सरकते आणि वर शेतजमिनीला वळी पडते.

दहा मीटर उंचीच्या आपल्या इमारतीला पहिले दोन धक्के फारसे भारी नाहीत. लांबून येताना हादऱ्यातला भराभर हलणारा भाग वाटेत विरतो. उंच चिमणी, गावाच्या पाण्याची उंच टाकी, बहुमजली टॉवर असेल तर लांबचे धक्के जरूर तपासा. बैठ्या शेडला आणि तीन मजली कारखान्याला खरी भीती तिसऱ्याची. म्हणून निवड त्याच्याभोवती करायची: मॅग्निट्यूड सहा ते साडेसहा, अंतर वीस किलोमीटरच्या आत, उथळ, शक्यतो किल्लारीसारखा एक बाजू दुसरीवर चढणारा फॉल्ट, खाली खडक किंवा कठीण जमीन, आणि प्लेटच्या सीमेपासून दूरचा प्रदेश.

अशा नोंदी जगात फार नाहीत. ऑस्ट्रेलियात टेनंट क्रीकला २२ जानेवारी १९८८ रोजी एका दिवसात तीन मोठे धक्के बसले. भूकंप अगदी किल्लारीच्या जातीचे, पण वाळवंटात, आणि केंद्राजवळ जोरदार हादरे टिपणारी यंत्रं नव्हती. कॅनडात वायव्येकडच्या नहानीला डिसेंबर १९८५ मध्ये मोठा भूकंप झाला आणि यंत्रं मात्र तिथं होती. एका ठिकाणी उभं त्वरण दोन जीच्या वर गेलं. दोन जी म्हणजे बांधून न ठेवलेली वस्तू जमीन सोडून उडते. तिथली फॉल्टची जात आपल्याला हवी तशी आहे. कॅनडातलाच १९८८ चा सॅग्युने आहे, पण तो खोल होता. अमेरिकेत व्हर्जिनियात २३ ऑगस्ट २०११ रोजी ५.८ चा धक्का बसला, तो तिथल्या नॉर्थ ॲना अणुवीज केंद्रातल्या यंत्रांनी टिपला. आणि आपली कोयना. कोयनेच्या नोंदीत तीन खोड्या आहेत. तिथला फॉल्ट आडवा सरकणारा, किल्लारीचा चढणारा. यंत्र मोकळ्या जमिनीवर नव्हतं, धरणाच्या पोटात होतं, त्यामुळे धरणाचा स्वतःचा झोकाही थोडाफार तिच्यात मिसळलाय. आणि ती एकच आहे. म्हणून माझं मत असं, की कोयना निवडीत हवीच, पण एकटी नको.

यादी एवढ्यावर संपते आणि जागा उरतात. त्या भरायला सीमेवरच्या प्रदेशांतले मध्यम भूकंप घ्यावे लागतात, खडकावर टिपलेले, जवळचे. कॅलिफोर्नियात बर्कले विद्यापीठाशी जोडलेल्या पीअर केंद्राचा संग्रह खुला आहे. त्याच्या एका मोठ्या संचात एकवीस हजारांहून जास्त नोंदी आहेत. आपल्याकडे आयआयटी रुरकीनं पेसमॉस नावाचं जाळं उभं केलं, सुमारे तीनशे यंत्रांचं, पण ती बहुतेक हिमालयाच्या पट्ट्यात आणि ईशान्येला. दख्खनच्या वाट्याला कमीच. आणखी एक वाट आहे, उत्तरधक्क्यांच्या लहान नोंदी एकमेकींवर रचून मोठा धक्का तयार करण्याची. संशोधनात तिला मान आहे. रोजच्या कामात तिचा भरवसा करण्याआधी ती करणारा माणूस कोण आहे, हे पाहा.

आता जुळवणी. संहितेनुसार सोलापूर क्षेत्र तीनमध्ये येतं, झोन फॅक्टर ०.१६. सर्वांत मोठ्या अपेक्षित भूकंपासाठी कठीण किंवा मध्यम जमिनीवर आपल्या इमारतीच्या पिरियडला मागणी येते जवळजवळ ०.४ जी. म्हणजे इमारत न वाकता तशीच उभी राहायची तर तिच्या वजनाच्या चाळीस टक्के आडवा जोर झेलावा लागेल. आणि आपण डिझाइन कितीला करतो? डक्टाइल डिटेलिंग केलेल्या नव्या इमारतीला, नेहमीच्या महत्त्वाच्या, चार टक्क्यांना. दचकू नका, ही लबाडी नाही. संहिता आधी निम्म्या भूकंपाचा हिशेब धरते आणि मग इमारतीच्या वाकण्याच्या क्षमतेवर विसंबून पाचानं भागते. चाळिसाचे वीस, विसाचे चार. हा पाचाचा भागाकार कशाच्या जिवावर? कॉलममधल्या जवळजवळ बसवलेल्या रिंगा, आणि त्या रिंगांचे १३५ अंशात आत वळवलेले हूक. मिस्त्रीनं घाईत हूक ९० अंशातच सोडले, तर कागदावरचा पाच प्रत्यक्षात दोनवर येऊ शकतो. टाइम हिस्टरीचं खरं काम इथं आहे. इमारत चारपासून चाळीसपर्यंतची वाट वाकत-वाकत पार करते का, का मध्येच मोडते, हे त्यातून दिसतं.

म्हणून नोंद कमी-जास्त करताना कमाल त्वरण ०.१६ वर आणून थांबणं, ही जी सर्रास रीत आहे, ती मला पटत नाही. कोयनेला तीननं भागलं की कमाल त्वरण जुळतं. पण ०.१ सेकंदाच्या आसपास जुळलेली नोंद ०.८ सेकंदाला फारच अशक्त निघू शकते. आणि आपली इमारत तडे गेल्यावर तिकडेच निघालेली असते! जुळवणी पट्ट्यावर करा. इमारतीच्या पिरियडच्या पाचव्या भागापासून दुपटीपर्यंत, आपल्या उदाहरणात ०.०८ ते ०.८४ सेकंदांपर्यंत, निवडलेल्या नोंदींची सरासरी अपेक्षित स्पेक्ट्रमच्या खाली फारशी उतरता कामा नये. एखादी नोंद चारपटीहून जास्त वाढवावी लागली, तर ती नोंद या जागेची नव्हेच असं समजावं. लहान भूकंपाला ताणून मोठा करता येत नाही. जोर वाढतो, पण कालावधी आणि स्वभाव लहानाचाच राहतो.

एक बारकावा विद्यार्थ्यांसाठी. संहितेचा स्पेक्ट्रम म्हणजे अनेक भूकंपांचं पांघरूण आहे. कुठलाही एक भूकंप सगळ्या पिरियडांना एकाच वेळी तितका वाईट नसतो. स्टॅनफर्डच्या जॅक बेकर यांनी ॲलिन कॉर्नेल यांच्याबरोबर यावर काम केलं आणि कंडिशनल मीन स्पेक्ट्रम ही कल्पना रुजवली: तुमच्या पिरियडला मागणी टोकाची धरा, बाजूच्या पिरियडांना त्याच भूकंपात साधारण जी असते तेवढीच धरा. तसं केलं की उत्तर उगाच अतिरेकी येत नाही. मोठ्या प्रकल्पाला हे करावं. तीन मजली कारखान्याला नाही केलं तरी चालेल.

नोंदी किती घ्यायच्या? आयएस १८९३ ची २०१६ ची आवृत्ती याबाबत मितभाषी आहे. हालचाल योग्य असावी, शक्यतो डिझाइन स्पेक्ट्रमशी जुळणारी असावी, असा तिचा आशय, बाकी इंजिनिअरवर. युरोपच्या संहितेत तीन घेतल्या तर सर्वांत वाईट उत्तर धरायचं, सात घेतल्या तर सरासरी चालते. अमेरिकेच्या एएससीई ७ नं २०१६ मध्ये किमान अकरा केल्या. मी अकराच्या बाजूचा आहे. गणनेचा वेळ हल्ली स्वस्त आहे आणि अकरांत एखाद-दुसरीवर इमारत कोसळली तर ते लपत नाही. त्या अकरांतल्या दोनहून जास्त एकाच भूकंपातल्या नसाव्यात. आणि जोडी फोडू नका. एका जागेच्या दोन आडव्या दिशांच्या नोंदी एकत्रच द्यायच्या, एकाच गुणकानं. उत्तर-दक्षिण इथून आणि पूर्व-पश्चिम तिथून, असली खिचडी रिपोर्टात दिसते कधी कधी.

राहिली जमीन. सोलापुरात कुठं दोन फुटांवर मुरूम लागतो, कुठं काळी माती खोल जाते. समजा एका प्लॉटवर सहा मीटर मऊ थर आहे आणि त्यातून हादऱ्याची लाट सेकंदाला दीडशे मीटर जाते. अशा थराचा स्वतःचा झोका चार गुणिले सहा भागिले दीडशे, म्हणजे ०.१६ सेकंद. विटांच्या भिंती भरलेल्या आपल्या इमारतीचा ०.२०. दोन पाळणे जवळजवळ एका लयीत आले की नाही? खडकावरची नोंद थेट इमारतीच्या पायाला दिली तर हे कॉम्प्युटरला कळणारच नाही. नोंद खडकाच्या पातळीला द्यायची, मातीच्या थरातून वर आणायची आणि मग इमारतीला द्यायची. दोन प्लॉट शेजारी असले तरी उत्तर वेगळं येऊ शकतं. काळ्या मातीला लोक भेगांपायी आणि फुगण्यापायी भितात, ते बरोबरच आहे; तिचं हेही एक अंग आहे.

आता तुमचे प्रश्न.

प्रश्न: सर, आमची शेड १९९० च्या आधीची आहे. वरच्या खोल्यांत दोन कुटुंबं राहतात. हे अकरा भूकंप आम्हीही करायचे का?

उत्तर: नाही. लगेच तर नाहीच. जुन्या शेडला आधी डोळ्यांनी तपासायच्या गोष्टी आहेत आणि त्या स्वस्त आहेत. तळमजला भिंतींशिवाय मोकळा आहे का? त्रिकोणी टोकाची भिंत वर छपराशी बांधलेली आहे की नुसती उभी आहे? गच्चीवर नंतर टाकलेली पाण्याची टाकी कशावर टेकलीय? बॉयलरचे पाय फाउंडेशनला बोल्टनं धरलेत का? सुताच्या गठ्ठ्यांची थप्पी बाहेर जायच्या वाटेवर आहे का? आणि लोक झोपतात त्या खोलीचा जिना कुठल्या भिंतीला धरून आहे? किल्लारीचा धक्का पहाटे चारच्या आधी आला होता. तुमच्याकडे त्या वेळी रात्रपाळीही चालू असते आणि वर कुटुंबंही झोपलेली असतात. हे दुरुस्त करून मग इंजिनिअरला बोलवा. पूर्ण विश्लेषण त्याला गरज वाटली तर.

प्रश्न (विद्यार्थिनी): सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रमला तंतोतंत जुळणारी कृत्रिम नोंद बनवता येते. मग इतकं शोधायचं कशाला?

उत्तर: बनवता येते आणि कधी कधी वापरावीही लागते. पण तंतोतंत जुळवलेल्या अकरा नोंदी जवळजवळ एकसारखं उत्तर देतात. तुला वाटेल वा, काय खात्रीशीर! प्रत्यक्षात भूकंपाभूकंपात जो फरक असतो, तो तू पुसून टाकलेला असतोस. इमारत किती वेळा कोसळण्याच्या जवळ येते, हे त्या फरकातूनच कळतं. खरी नोंद घेऊन थोडी जुळवलीस तर माझी हरकत नाही. मूळ नोंद आणि जुळवलेली, दोन्हींचे आलेख शेजारी छाप, म्हणजे किती ओढाताण केलीस ते वाचणाऱ्याला दिसेल.

प्रश्न: कन्सल्टंट मोठा रिपोर्ट देतो. आम्हा मालक लोकांना त्यातलं काय कळणार? काय विचारायचं त्यांना?

उत्तर: एक पान मागा. त्यावर प्रत्येक नोंदीचं नाव, तारीख, मॅग्निट्यूड, अंतर, कुठल्या जमिनीवरची, किती पटीनं वाढवली किंवा घटवली आणि का निवडली, एवढं एकेका ओळीत. ज्यानं विचार करून निवडल्यात त्याला हे पान लिहायला अर्धा तास लागतो. त्यात फक्त एल सेंट्रो दिसलं तर पुन्हा बोलवा त्यांना, चहा पाजा आणि विचारा की सोलापूरचा आणि त्याचा संबंध काय.

प्रश्न: इथं एमआयडीसीतच एखादं यंत्र बसवलं तर?

उत्तर: हे आवडलं मला. बसवता येतं. पण एक बसवून अर्धंच काम होतं. एक इमारतीपासून लांब मोकळ्या जमिनीवर, एक तळाशी आणि एक गच्चीवर, असं हवं. म्हणजे जमिनीनं काय दिलं आणि इमारतीनं त्याचं काय केलं, हे वेगळं कळतं. तुमच्याकडे अडचण मागांची आहे. त्यांच्या थरथरीनं यंत्र दिवसभर उगाच चालू होत राहील, म्हणून जमिनीवरचं यंत्र शेडपासून दूर, कंपाउंडच्या कोपऱ्यात, काळी माती काढून खडकावर ओतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर घ्या. बॅटरी स्वतंत्र ठेवा, कारण मोठ्या धक्क्यात आधी वीज जाते. आणि दर सहा महिन्यांनी ते चालू आहे का, हे बघायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहून ठेवा.